मक्याची गोड लापशी: या चुका टाळा

लापशी बिघडली की सगळे मक्याला नावं ठेवतात. पुडीवर काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचत नाही.

किराणा दुकानात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळणारी पांढरीशुभ्र, बोटांत करकरणारी पूड म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. सूप दाट करायला ठीक. लापशीला दळलेल्या मक्याचं पिवळं पीठ लागतं. माझ्या परळच्या भाच्याने गेल्या पावसाळ्यात सकाळी सव्वासहाला व्हिडिओ कॉल केला. "मावशी, दोन मिनिटांत झाली बघ, चमचा उभा राहतोय!" पातेल्यात चकचकीत, थरथरणारी खळ. चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर! वर विचारतो, "यात प्रोटीन असतं ना?" अरे बाबा, स्टार्चमध्ये कसलं आलंय प्रोटीन? वाळलेल्या अख्ख्या मक्यात 100 ग्रॅममागे साधारण 9 ग्रॅम असतं, पण त्यात लायसिन, म्हणजे शरीराला लागणारा प्रोटीनचा एक घटक, कमी. ती उणीव दूध भरून काढतं, म्हणून नुसत्या पाण्यातली लापशी मला पटत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे त्यातलं नायसिन हे ब-जीवनसत्त्व अंगी लागतं. आपल्या गिरणीतल्या पिठाचं तसं नाही, तेव्हा नाश्त्याला मका खा, तिन्ही त्रिकाळ नको.

दुसरं दुखणं गुळाचं. उकळत्या दुधात खडा टाकायचा आणि दूध फाटलं की दूधवाल्याला शिव्या घालायच्या. मी गॅस बंद करते, पाच मिनिटं दुसरं काम करते आणि मग किसलेला गूळ घालते. एवढाही धीर नसेल त्यांनी सरळ साखर घालावी.

गुठळ्या? पीठ आधी थंड पाण्यात कालवा. उकळत्या दुधावर पीठ भुरभुरवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

कच्चट वास येतोय म्हणजे शिजली नाही. दोघांना चार चमचे पीठ, एक वाटी पाणी, दोन वाट्या दूध. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळायचं. पीठ आधी कोरडंच खमंग भाजून गार केलं तर उत्तम.

कडवट लागली तर पीठ खवट झालंय. मक्याच्या अंकुरात तेल असतं, त्यात आपली दमट हवा. पाव किलोच आणा, फ्रिजमध्ये ठेवा.

डब्यात न्यायची तर अर्धी वाटी दूध जास्त घाला, गार झाल्यावर घट्ट होते. भाचा आता नेतो. त्याच्याकडचं उरलेलं कॉर्नफ्लोअर मी घरी आणलंय, दिवाळीत आकाशकंदिलाला खळ लागेलच.