हेंप-टीएचसीचे कॅन आणि प्रवास: बॅगेत टाकण्याआधी काय काय तपासायचं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात माझ्या घराजवळच्या दारूच्या दुकानात बिअरच्या शेजारच्या फ्रीजमध्येच हे कॅन मांडलेले असतात. लिंबाच्या चवीचे, बेरीचे, आल्याचे. वर ठळक अक्षरात ‘५ मिलिग्रॅम टीएचसी’, म्हणजे गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य. वय २१ पूर्ण असल्याचं ओळखपत्र दाखवायचं, पैसे द्यायचे, घेऊन जायचं. पुण्याहून आलेला माझा भाचा परत निघायच्या आदल्या रात्री आम्ही त्याची बॅग वजनकाट्यावर ठेवली, तर टॉवेलात गुंडाळलेले असे सहा कॅन निघाले. “मावशी, रीतसर बिल करून घेतलेत, चोरून थोडेच आणलेत?” तो म्हणाला. त्याचं खरं होतं, पण मिनेसोटापुरतंच. विमान मुंबईत उतरल्यावर त्या बिलाचा त्याला काहीच उपयोग झाला नसता. उलट तो माल त्याचाच आहे याचा पुरावा त्याच्याच खिशात सापडला असता.

तेव्हापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. इथे ते नीट क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: हेंप म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. जुन्या शब्दकोशांत ‘हेंप’साठी अंबाडी किंवा ताग हे शब्द सापडतात. आपण जिची भाजी खातो ती अंबाडी जास्वंदीच्या कुळातली. इंग्रजीत तिला ‘डेक्कन हेंप’ म्हणतात. हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो तागही वेगळाच. या कॅनमधलं हेंप मात्र भांग-गांज्याचंच झाड आहे, फक्त नशेचं द्रव्य कमी असलेलं.

किती कमी, ते अमेरिकेच्या २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे शेतीविषयक कायद्याने, ठरवलं: सुक्या वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत डेल्टा-९ टीएचसी (टीएचसीचा मुख्य प्रकार) असेल तर ते हेंप, त्याहून जास्त असेल तर मॅरिवाना, म्हणजे गांजा. हा नियम शेतातल्या झाडासाठी लिहिलेला होता. तो पेयाला लावला की काय होतं बघा. ३५५ मिलिलिटरच्या कॅनचं वजन साधारण ३५५ ग्रॅम. त्याचा ०.३ टक्का म्हणजे एक हजार मिलिग्रॅमच्याही वर. एका माणसाला ५-१० मिलिग्रॅम पुरतात. म्हणजे टक्केवारीच्या हिशोबात कॅन अगदी निर्दोष ठरतो, आणि चढायची ती चढतेच. हा सगळा धंदा या एका फटीतून उभा राहिला. मिनेसोटाने १ जुलै २०२२ पासून एका सर्व्हिंगला ५ मिलिग्रॅमची मर्यादा घालून त्याला रीतसर परवानगी दिली.

पायरी २: कॅनवरचं बारीक अक्षर वाचा

दोन गोष्टी शोधा. पहिली, हे हेंपपासून केलेलं आहे की परवानाधारक गांजा-दुकानातलं आहे. चव आणि रंगरूप सारखंच असू शकतं, पण दुसऱ्या प्रकाराला केंद्रीय कायद्यात हेंपची सवलत मिळत नाही. तो कॅन राज्याच्या हद्दीबाहेर न्यायचाच नाही, शेजारच्या राज्यातही गांजा कायदेशीर असला तरी नाही. दुसरी, एका कॅनमध्ये एकूण किती मिलिग्रॅम आहे. ‘सर्व्हिंगला ५’ असं लिहिलेल्या कॅनमध्ये दोन सर्व्हिंग असू शकतात.

बऱ्याच कॅनवर क्यूआर कोड असतो, त्यातून प्रयोगशाळेचा अहवाल उघडतो. प्रवासात तो फोनमध्ये साठवून ठेवा. नुसत्या नजरेने हेंप आणि गांजा यांत फरक करता येत नाही, पोलिसालाही नाही.

पायरी ३: तारीख बघा

हे वाक्य दोनदा वाचा. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सही झालेल्या अमेरिकी अर्थसंकल्पीय कायद्यात हेंपची व्याख्याच बदलली आहे. नव्या व्याख्येत फक्त डेल्टा-९ नाही, सगळा टीएचसी एकत्र मोजायचा, आणि ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या एका डब्यात तो ०.४ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. टक्केवारीची फट त्यामुळे बुजते. अंमलबजावणी सहीनंतर एका वर्षाने, म्हणजे १२ नोव्हेंबर २०२६ पासून. कायदा आहे तसा राहिला, तर त्या दिवसापासून ५ मिलिग्रॅमचा कॅन केंद्राच्या दृष्टीने हेंप उरत नाही, तो गांज्याच्या रांगेत जाऊन बसतो. फ्रीजमध्ये मागे राहिलेला जुना कॅनही त्यात आला. तो जुन्या तारखेला घेतला होता म्हणून त्याला सूट मिळणार नाही. म्हणून तिकीट काढताना नव्हे, निघायच्या आठवड्यात नियम तपासा.

पायरी ४: रस्त्यात लागणाऱ्या प्रत्येक राज्याची यादी करा

गाडीने जाणाऱ्यांची चूक बहुधा इथेच होते. निघतो ते राज्य आणि पोचतो ते राज्य बघतात, मधलं विसरतात. सिअ‍ॅटलहून यलोस्टोनला जाताना आयडाहो लागतं, आणि आयडाहोत ग्राहकाच्या हातातल्या हेंप-पदार्थात टीएचसी अजिबात चालत नाही, ०.३ टक्क्याचा हिशोबही नाही.

हेंपची वाहतूक राज्यांनी अडवू नये असं फार्म बिलात लिहिलेलं आहे. तरी जानेवारी २०१९ मध्ये ऑरेगॉनहून कोलोराडोला हेंप नेणारा ट्रक आयडाहोच्या पोलिसांनी पकडला. माल जवळपास ७,००० पौंड होता आणि ट्रकवाला अटकेत गेला. केंद्राचा कायदा शेवटी आपल्या बाजूने निघेलही, पण तोवरची रात्र कोठडीत काढावी लागते आणि वकिलाचं बिल आपल्याच नावावर येतं.

गांजा कायदेशीर असलेलं राज्य म्हणजे हे कॅनही चालणार, असं गृहीत धरू नका. कॅलिफोर्नियात गांज्याची दुकानं उघड चालतात, पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्या राज्याने हेंपच्या खाण्यापिण्याच्या पदार्थांत टीएचसीचा मागमूसही नको असा नियम काढला. कनेटिकटमध्ये कॅनला ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे मिनेसोटाचा साधा कॅन तिथे मर्यादेबाहेर गेला. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये बंदी मंजूर केली आणि गव्हर्नरने जूनमध्ये ती नाकारली. एखाद्या राज्यातला नियम एका उन्हाळ्यात दोनदा पालटू शकतो. राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच बघा, विक्रेत्याच्या ‘आम्ही सगळीकडे पाठवतो’ या आश्वासनावर जाऊ नका.

गाडीत कॅन न उघडलेले आणि डिकीत ठेवा. प्यायल्यावर गाडी चालवायची नाही, हे तर आलंच. पेयाचा अंमल यायला पंधरा मिनिटं ते तासभर लागू शकतो, त्यामुळे ‘मला काहीच झालं नाही’ असं म्हणत किल्ली उचलणारे फसतात.

पायरी ५: देशांतर्गत विमानप्रवास

केबिन बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, त्यामुळे कॅन गेलाच तर चेक-इन बॅगेत. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेची, टीएसएची, जाहीर भूमिका अशी: त्यांचे कर्मचारी मुद्दाम अमली पदार्थ शोधत नाहीत, ०.३ टक्क्याच्या आतलं हेंप चालतं, आणि संशयास्पद काही दिसलं तर ते पोलिसांना कळवतात. तो पोलीस त्या-त्या राज्याचा असतो, म्हणून चौथी पायरी विमानालाही लागू. उतरायचं ठिकाण आणि विमान बदलायचं ठिकाण, दोन्ही तपासा.

पायरी ६: व्हिसावर असाल तर आधी हे वाचा

मला सगळ्यात जास्त काळजी या पायरीची वाटते, कारण आपली बहुतेक मंडळी विद्यार्थी व्हिसावर, एच-१बीवर किंवा ग्रीन कार्डावर आहेत. अमेरिकेचा स्थलांतर कायदा केंद्राचा आहे, राज्याने काय माफ केलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ दाखवावं लागतं. केंद्रीय कायद्याखालचा गांज्याचा गुन्हा त्यात आड येऊ शकतो, राज्यात तो कायदेशीर असला तरी, असं अमेरिकेच्या नागरिकत्व-स्थलांतर खात्याने, यूएससीआयएसने, एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आणखी एक: अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षाच व्हावी लागते असं नाही. अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीही प्रवेश नाकारायला पुरू शकते.

आज हेंपचा कॅन केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत नाही. पण तिसऱ्या पायरीतली तारीख उलटल्यावर तोच कॅन यादीत जातो, आणि राज्यातलं दुकान कदाचित तेव्हाही तो विकत असेल. म्हणून नागरिकत्व नसलेल्यांना माझा सल्ला सरळ आहे: प्रवासात हे सोबत ठेवू नका, आणि फोनमध्ये कॅन उंचावलेले फोटोही ठेवू नका. सीमेवर फोन तपासण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्यांना आहे. काही घडलंच तर बोलण्याआधी स्थलांतराच्या वकिलाला गाठा.

नोकरीतल्या लघवीच्या चाचणीत टीएचसी हेंपमधून आला की गांज्यातून, हे कळत नाही. ट्रक चालवणारे, रुग्णालयात काम करणारे यांनी हे विसरू नये.

पायरी ७: देशाची सीमा ओलांडताना एकही कॅन नाही

कॅनडात गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे, तरी तो सीमेपलीकडे नेणं किंवा आणणं गुन्हा आहे. सिंगापूर तर आपल्या नागरिकांनी आणि कायम रहिवाशांनी परदेशात केलेलं सेवनही गुन्हा धरतं. आखातातून विमान बदलणार असाल, तर तिथला कायदाही तुमच्या बॅगेला लागू होऊ शकतो.

आता भारत. होळीला ठंडाईत भांग चालते, मग हे का नाही, असं भाच्याने मला विचारलंच. भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस कायदा, १९८५ हा गांज्याच्या व्याख्येत फुलोरा धरतो. नुसती पानं त्यातून वगळली आहेत, म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत उरते. महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेलाही परवाना लागतो. पण चरस-गांज्यापासून केलेलं ‘कोणतंही पेय’ एनडीपीएसच्या व्याख्येत शब्दशः आहे, आणि टीएचसीचं नाव त्याच कायद्याच्या मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत वेगळंही आहे. ०.३ टक्क्याची अमेरिकी सवलत या कायद्यात कुठेच नाही.

वजनाचा मुद्दा तर अंगावर काटा आणणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हिरा सिंग निकालात सांगितलं, की प्रमाण ठरवताना मिसळलेला निरुपद्रवी भागही वजनात धरायचा. भाच्याच्या सहा कॅनमध्ये टीएचसी होता ३० मिलिग्रॅम, तांदळाच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाइतका. पेयाचं वजन मात्र दोन किलोंच्या वर. गांज्याचं ‘अल्प प्रमाण’ १ किलोपर्यंत असतं. त्याखाली शिक्षा एक वर्षापर्यंत, त्याच्या वर गेलात की दहा वर्षांपर्यंत. कोणता पदार्थ म्हणून नोंद होते त्यावर मर्यादा बदलते, पण तो वाद विमानतळावर होत नाही, कोर्टात होतो. आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्यात आरोपीवर आहे.

‘भारतात हेंप कायदेशीर झालंय’ असं सांगणारे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, एफएसएसएआयच्या, २०२१ च्या नियमांचा दाखला देतात. ते नियम हेंपच्या बियांसाठी आणि बियांच्या तेलासाठी आहेत. बियांपासूनच्या पेयात किलोला ०.२ मिलिग्रॅमपर्यंतच टीएचसी चालतो. ५ मिलिग्रॅमच्या कॅनमध्ये तो किलोला १४ च्या आसपास भरतो, म्हणजे सत्तरपट.

पायरी ८: उरलेल्या कॅनचं काय करायचं

घरातल्या २१ पूर्ण झालेल्या कोणाला तरी देऊन टाका, नाहीतर बेसिनमध्ये ओता. कुरियरने भारतात पाठवू नका. पार्सलवर ज्याचं नाव, तो अडकतो. कुणी ‘घरच्यांसाठी एवढे ज्यूसचे कॅन घेऊन जा’ म्हणून हातात दिले तर डबे उलटून वाचा. आणि बॅग बंद करण्याआधी ती एकदा पूर्ण रिकामी करा, बाहेरचे कप्पेसुद्धा. सुट्टीवर वापरलेली पाठपिशवी तशीच विमानाला नेणाऱ्यांच्या कप्प्यातून गमी (टीएचसीच्या चघळायच्या गोळ्या) आणि कॅन मी स्वतः काढलेले आहेत.

भाच्याने त्या रात्री तासभर हुज्जत घातली. मग त्यानेच एनडीपीएसचं कलम २० फोनवर उघडून वाचलं आणि गप्पच झाला. सहा कॅनच्या जागी आम्ही मिनेसोटाच्या तळ्यांतल्या जंगली तांदळाची दोन बंद पाकिटं ठेवली आणि बॅग पुन्हा काट्यावर चढवली. २२.४ किलो.