मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर परदेशात उपचार घेणार असाल तर या चुका टाळा

सोलापुरातील रुग्णांची कागदपत्रे परदेशी रुग्णालयांकडे पाठवण्याच्या कामात मी अनेक वर्षे मदत करत आलो आहे. मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा म्हणजे एन्युरिझम, रक्तवाहिन्यांचा गुंता म्हणजे एव्हीएम, किंवा मोयामोया म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या हळूहळू अरुंद होत जाण्याचा आजार असलेले रुग्ण संख्येने थोडे असतात. पण कुटुंबीयांच्या चुका त्याच त्याच असतात, आणि त्यांतील दोन चुका रुग्णाला फार महागात पडतात.

फुटलेला फुगा आणि व्हिसा

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमागाचा कारखाना असलेल्या कुटुंबातील एका पन्नाशीच्या बाईंचे डोके पहाटे एकाएकी असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या आणि मान ताठ झाली. सीटी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्तस्राव दिसला, त्यातच केलेल्या अँजिओग्राफीत फुगा सापडला, आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी पुण्याला हलवून कॉइलिंग (नळीवाटे बारीक तारेची वेटोळी भरून फुगा बंद करणे) करून घेण्यास सांगितले. बाईंचे दीर जर्मनीत नोकरीला होते. ‘वहिनींना इकडेच आणा, तिथे कुणाला हात लावू देऊ नका,’ असे त्यांनी फोनवरून बजावले आणि सगळे घर कागदपत्रांच्या मागे लागले. पासपोर्टची मुदत संपलेली असल्याने तत्काळ अर्जापासून सुरुवात करावी लागली. तिसऱ्या दिवशी फुगा पुन्हा फुटला. बाई वाचल्या, परंतु उजवे अंग आणि वाचा गेली ती परत आली नाही.

दिरांची माया खरी होती, यात मला शंका नाही. परंतु फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो, आणि साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून नवे संकट उभे राहते. त्यामुळे या काळात रुग्णाला अतिदक्षता विभागातून काढून विमानात बसवण्याचा विचारही करू नये. गुठळीमुळे येणाऱ्या पक्षाघाताची घाई तर याहूनही मोठी असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; नळी घालून गुठळी काढण्याची प्रक्रिया सहसा 6 तासांच्या आत आणि निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत करता येते. अशा वेळी लक्षणे दिसताच सोलापुरातच सीटी स्कॅन आणि इंजेक्शनची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि पुढे पुण्याला हलवायचे की नाही, हे तेथील डॉक्टरांना ठरवू द्यावे. परदेशाचा विचार न फुटलेला फुगा, एव्हीएम, मोयामोया अशा वेळ देणाऱ्या आजारांपुरताच ठेवावा.

ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचे फोटो

परदेशी तज्ज्ञांकडे व्हॉट्सॲपवर अहवालाचा आणि फिल्मचा फोटो पाठवायचा, आणि ‘काय करता येईल ते कळवा’ असे विचारायचे, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. फिल्मवर निवडक चौकटीच असतात. एव्हीएमची शस्त्रक्रिया किती अवघड ठरेल, हे 1986 साली मांडलेल्या स्पेट्झलर-मार्टिन श्रेणीने ठरवतात. त्यासाठी गुंत्याचा आकार, तो मेंदूच्या महत्त्वाच्या कार्यभागात आहे का, आणि त्याचे रक्त खोलवरच्या शिरांमध्ये उतरते का, हे पाहावे लागते. शिरांची ही अवस्था डीएसए अँजिओग्राफीच्या (रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्स-रेने केलेल्या तपासणीच्या) संपूर्ण चित्रमालिकेतच नीट दिसते. फुग्याच्या बाबतीतही त्याची मान किती रुंद आहे, यावर कॉइल, क्लिप (फुग्याच्या मानेला बाहेरून लावायचा चिमटा) किंवा फ्लो डायव्हर्टर (रक्त फुग्यात न जाता पुढे वळवणारी जाळीची नळी) यांची निवड बरीचशी अवलंबून असते.

म्हणून रुग्णालयाकडून डायकॉम या स्वरूपातील, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल, सगळी चित्रे सीडीवर मागून घ्यावीत. ती सीडी तिथल्याच दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मी कुणालाही रुग्णालयातून बाहेर पडू देत नाही. रिकामी किंवा अर्धवट सीडी घरी आल्यावर कळते आणि पुन्हा पुण्याची फेरी पडते. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. सोबत एका पानाचा आजाराचा गोषवारा जोडावा आणि नेमका प्रश्न लिहावा: ‘न फुटलेल्या या फुग्यावर उपचार करावेत की ठरावीक काळाने तपासणी करत राहावे?’ दलाल या सगळ्याला फाटा देतात आणि उतावीळ नातेवाइकांना ते आवडते. उत्तर मात्र तितकेच मोघम येते.

आणखी काही चुका

तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, बंगळुरूचे निम्हान्स किंवा दिल्लीचे एम्स यांपैकी एकाही ठिकाणी मत न घेता परदेशी निघू नये. मोयामोयाच्या बायपाससाठी (मेंदूला रक्त पोहोचवणारी नवी वाट जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी) जपानचा विचार करण्यात अर्थ आहे, कारण हा आजार तिथे अधिक आढळतो आणि तिथल्या शल्यचिकित्सकांचा अनुभव मोठा आहे. न फुटलेल्या एव्हीएमसाठी ‘कुठे करायचे’ याआधी ‘करायचेच का’ हे विचारावे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अरुबा या अभ्यासात फक्त औषधोपचारावर ठेवलेल्या रुग्णांत पक्षाघात व मृत्यू कमी आढळले, मात्र त्याचा पाठपुरावा अल्पकाळाचा होता, हा आक्षेपही तितकाच खरा आहे. गॅमा नाइफ या किरणांचा नेमका मारा करणाऱ्या यंत्राने एव्हीएम बंद होण्यास सहसा दोन-तीन वर्षे लागतात व तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो, हे ठाऊक नसताना त्यासाठी परदेशी जाण्याचे बेत आखू नयेत. ते यंत्र भारतातही आहे.

साधारण प्रवास विम्यातून आधीच ठरवलेल्या उपचारांचा खर्च मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना परदेशात लागू होत नाही. परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलर आहे. उपचारांचा खर्च त्यापेक्षा अधिक असेल तर रुग्णालयाचे अंदाजपत्रक बँकेला द्यावे लागते.

परतल्यानंतरची हेळसांड मला सर्वांत अस्वस्थ करते. स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर बसवलेल्या रुग्णाला बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल महिनोन्महिने घ्यावे लागते. दात काढायचा म्हणून ही औषधे कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद केली तर त्या जागी गुठळी होऊ शकते. परदेशातील ब्रँड इथे मिळत नाहीत, म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत. पुढील अँजिओग्राफी कधी व कोठे करायची, हे निघण्यापूर्वीच ठरवून सोलापुरातील आपल्या न्यूरो डॉक्टरांना कळवावे. बसवलेल्या क्लिपचे किंवा स्टेंटचे कार्ड जपून ठेवावे, कारण पुढे एमआरआय करण्यापूर्वी तंत्रज्ञ सर्वांत आधी तेच मागतो. त्याची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात आणि दुसरी घरच्या फायलीत असावी.