हलवला की बंद पडणारा गेम बॉय

दिवाळीच्या साफसफाईत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माळ्यांवरून जुने गेम बॉय (निन्टेन्डोचे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम) निघतात. चालू होतात, जरा हलवले की बंद. बहुतेकदा दोष सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्त्यांचा. सेल काढा. पत्तीवर पांढरट-हिरवी पूड असेल तर अल्कलाइन सेल पाझरलाय. हात न लावता, कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पुसा (लिंबूही चालतं). मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. नुसता काळपट थर खोडरबराने निघतो. पॉलिश पेपर शक्यतो नकोच, मुलामा गेला की पत्ती लवकर गंजते. दबलेली पत्ती चिमट्याने हलकेच बाहेर ओढा. १९८९ च्या मॉडेलात चार पेन्सिल सेल लागतात. चारही एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. खेळ बरेच दिवस बंद राहणार असेल, तर सेल बाहेर.