मुले लहान, धंदा चालू: मृत्युपत्र कसे करावे

भोसरीत स्वतःच्या नावाने वर्कशॉप चालवणारा नवरा, हिंजवडीत नोकरी करणारी बायको, दोन शाळकरी मुले आणि सोबत राहणारी नवऱ्याची आई, असे एक घर समजा. कोथरूडचा फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि आपल्यामागे तो आपोआप बायकोचाच होईल असे तो धरून चालला आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे तसे होत नाही. मृत्युपत्र नसेल तर आई, पत्नी आणि दोन्ही मुले यांना प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. मुले अज्ञान (अठरा वर्षांखालील) असल्यामुळे फ्लॅट विकायची वेळ आलीच, तर सासूबाईंच्या सहीबरोबर मुलांच्या हिश्श्यापुरती न्यायालयाची पूर्वपरवानगीही लागते. म्हणजे ऐन अडचणीच्या दिवसांत शिवाजीनगरच्या कोर्टात खेटे घालणे आले.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक शुल्क नाही. आपण आणि दोन साक्षीदारांनी सही करणे मात्र आवश्यक आहे. साक्षीदार शक्यतो आपल्याहून वयाने लहान असावेत आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत. नोंदणी ऐच्छिक असली, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्यावी असे माझे मत आहे, कारण पुढे सहीवरून वाद निघाला तर तिचा आधार होतो.

मुलांच्या पालकाची नेमणूक मृत्युपत्रात करता येते; परंतु वडिलांनी नेमलेला पालक आई हयात असेपर्यंत पालक ठरत नाही. म्हणून दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रे करून त्यांत एकाच व्यक्तीचे नाव लिहावे, आणि त्या व्यक्तीला आधी विचारावे. हे विचारणे राहून जाते.

एकल मालकीच्या धंद्याला मालकापासून वेगळे अस्तित्व नसते, त्यामुळे यंत्रे, गाळा, येणी आणि कर्ज यांची यादी मृत्युपत्रात हवी आणि धंदा कोणाकडे जाणार किंवा तो विकायचा काय, हेही हवे. भागीदारी असेल तर करारनामा काढून पाहावा: त्यात वेगळी तरतूद नसल्यास १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. धंद्याचे कर्ज असलेल्या पतीने आयुर्विमा घेतानाच तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या लाभासाठी घ्यावा, म्हणजे त्या रकमेवर सहसा धनकोंचा (कर्ज देणाऱ्यांचा) हक्क पोहोचत नाही.

नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, हा समज फार पसरलेला आहे. शेअर्सचा नॉमिनी मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. भविष्य निर्वाह निधीतील लग्नाआधीचे नामांकन तर लग्नानंतर रद्दच समजले जाते, तेव्हा ते नव्याने भरावे.

मूळ मृत्युपत्र केवळ आपल्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण आपल्या पश्चात तो उघडायलाच कागदपत्रांची जुळवाजुळव करावी लागते. ते घरच्या कपाटात ठेवून जागा पत्नीला आणि निष्पादकाला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी त्यात नेमलेल्या व्यक्तीला, दाखवून ठेवावी.