भाड्याने घेतलेली ऑफ-रोड गाडी : बिघाड समजण्याआधी या चुका टाळा

जीप रँग्लर किंवा सुझुकी जिम्नीसारखी दणकट गाडी पहिल्यांदा भाड्याने घेणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात: स्टीअरिंग सैल आहे, गाडी सरळ चालत नाही, वळताना धक्के बसतात. माझीही पहिली तक्रार हीच होती. महामार्गावर लागल्यावर दहाच मिनिटांत मी रँग्लर परत नेली आणि चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे असे ठामपणे सांगितले. काउंटरवरच्या माणसाने वाद न घालता त्याच मॉडेलची दुसरी गाडी दिली, आणि ती तंतोतंत तशीच चालली.

याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. आजच्या बहुतेक मोटारींत रॅक अँड पिनियन पद्धतीचे स्टीअरिंग असते, तर या दोन्ही गाड्यांत रिसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचे असते. ते दगडधोंड्यांचे हादरे चांगले पचवते, पण मधल्या स्थितीत थोडे सैल लागते. शिवाय पुढचा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) अखंड असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा परिणाम दुसऱ्या चाकापर्यंत पोहोचतो. नवखा चालक यावर जे करतो, तीच खरी चूक असते. गाडी बोटभर डावीकडे सरकली की तो उजवीकडे ओढतो, ती उजवीकडे गेली की पुन्हा डावीकडे, आणि तासाभरात खांदे भरून येतात. हात हलके ठेवावेत, नजर लांबवर ठेवावी आणि प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देत बसू नये. अर्ध्या तासात हाताला सवय होते.

मात्र खऱ्या बिघाडाची लक्षणे वेगळी असतात. सपाट रस्त्यावर गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर आधी टायरमधली हवा तपासावी आणि मग अलाइनमेंटचा संशय घ्यावा. वेगात असताना एखादा खड्डा लागून पुढची चाके थडथडू लागली आणि स्टीअरिंग आवरेनासे झाले, तर त्याला डेथ वॉबल म्हणतात. सैल झालेला ट्रॅक बार (अ‍ॅक्सलला आडवा सरकू न देणारा दांडा), झिजलेले बुश (सांध्यांतले रबरी भाग) किंवा बॅलन्स नसलेली चाके हे त्याचे नेहमीचे मूळ असते. अशा वेळी स्टीअरिंग घट्ट धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, वेग हळूहळू उतरू द्यावा, कडेला थांबावे आणि भाड्याची गाडी असेल तर पुढे नेऊच नये. थडथड आपोआप थांबली म्हणून प्रवास चालू ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे चार चाकांना ताकद मिळाली की गाडी सर्वत्र अधिक सुरक्षित होते, हा समज. पार्ट-टाइम पद्धतीत, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत, ४एच (चार चाके, नेहमीचा वेग) लावले की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरण्यासाठी जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. वाळूत किंवा चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात, परंतु कोरड्या डांबरावर त्यांना घसरायला वाव नसतो आणि सगळा ताण यंत्रणेत साठत जातो. पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळत उड्या मारते आणि चालक क्लच किंवा गिअरबॉक्सला दोष देतो. अशा वेळी २एच (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) लावावे. लीव्हर अडकला असेल तर गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी, म्हणजे ताण सुटून तो सहज निघतो. ४एच ऑटो असा पर्याय असलेली गाडी मिळाली, तर तो पक्क्या रस्त्यावरही चालतो. म्हणून निघण्यापूर्वी लीव्हरवरची अक्षरे नीट वाचावीत.

४एल (चार चाके, कमी वेग आणि जास्त ओढ) लावताना लोक बिचकतात आणि लीव्हर अर्धवट ओढतात, मग दाते खरखरतात. रँग्लरमध्ये गाडी ताशी ३ ते ५ किलोमीटर वेगाने सरकत असताना गिअर न्यूट्रलला ठेवून लीव्हर एका दमात, न कचरता ओढावा लागतो. त्याच लीव्हरवर एन हे स्थानही आहे, आणि ते धोक्याचे आहे: ट्रान्सफर केस (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलमध्ये राहिली तर गिअर पी (पार्किंग) वर असूनही गाडी उतारावरून घरंगळू शकते. म्हणून उतरण्यापूर्वी हँडब्रेक लावलाच पाहिजे.

वेगाबाबतही सावध असावे. उंच बांधा आणि खडबडीत टायर यांमुळे अचानक मार्ग बदलताना गाडी झुकते आणि ओल्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर घेते. २०१८ मध्ये युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत रँग्लरला पाचपैकी एकच तारा मिळाला होता. दणकट दिसणे आणि अपघातात सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वाळूसाठी टायरमधली हवा सुमारे १५ ते २० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) उतरवणारे चालक बरेच असतात, पण डांबरावर परतताना ती भरायला विसरतात. कमी हवेच्या टायरवर वेगाने गेल्यास टायरची भिंत तापते आणि फुटू शकते. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर योग्य दाब लिहिलेला असतो. पंप सोबत नसेल तर हवा उतरवूच नये.

करारातली गंमत अशी की, अनेक करारांत ऑफ-रोड गाडी ऑफ-रोड नेण्यास मनाई असते, आणि टायर, काचा, गाडीचा खालचा भाग व पाण्यामुळे होणारे नुकसान विम्यातून वगळलेले असते. कच्चा पण नकाशावरचा रस्ता आणि रस्ताच नसलेली जमीन यांत करार फरक करतो का, हे लेखी विचारून घ्यावे. ओढा ओलांडण्याचा मोह तर टाळावाच, कारण इंजिनात पाणी गेल्याचा खर्च बहुतेकदा भाडेकरूच्याच माथी येतो.

ताब्यात घेताना फक्त दारांवरचे ओरखडे टिपणे पुरेसे नाही. मोबाइल गाडीखाली धरून चारही बाजूंनी व्हिडिओ काढावा, मागच्या दारावरच्या स्टेपनीत हवा आहे का ते पाहावे आणि तिच्या कुलपाच्या नटाची खास चावी, जॅक व पाना नेमके कुठे ठेवले आहेत ते स्वतः हात लावून पाहावे. रँग्लरच्या पॉवर विंडोची बटणे दारावर नसून मध्यभागी डॅशबोर्डवर असतात, कारण दारे काढता येतात. टोलनाक्यावर दार चाचपडत बसू नये. छताचे तुकडे सुट्टे होत असतील, तर प्रत्येक कडी स्वतः फिरवून घट्ट करावी. मी एकदा एक कडी अर्धवट सोडली होती, आणि पहिल्याच सरीत पाण्याची धार थेट डाव्या मांडीवर आली.