कोलाजसाठी कापड रंगवताय? या चुका टाळा

कापडाच्या कोलाजची एक अडचण आहे : तयार झालेलं काम पुन्हा धुता येत नाही. अंगावरच्या कपड्याचा रंग सुटला तर दोन-तीन धुण्यांत निघून जातो. इथे तुकडे एकमेकांवर चिकटवलेले, टाचलेले असतात. खळ, सोडा, न बसलेला रंग, ब्लीच, यातलं जे कापडात राहील ते कायमचं राहतं आणि शेजारच्या तुकड्यालाही भोवतं. त्यामुळे इथल्या बऱ्याच चुका रंगाच्या डबीत नसून धुण्याच्या बादलीत सापडतील.

नवं कापड तसंच रंगात बुडवणं

मांजरपाट, पॉपलिन, मलमल, जवळपास सगळ्या नव्या सुती कापडाला खळ असते. सुतासाठी वापरतात ते थंड पाण्यातले रिअ‍ॅक्टिव्ह रंग (प्रोसियन एमएक्स प्रकारचे) सेल्युलोजशी (सुताच्या मूळ घटकाशी) जोडले जातात आणि खळीतला स्टार्च त्याच कुळातला. रंग आधी खळीवर बसतो, धुताना खळीबरोबर वाहून जातो आणि मागे फिकट चट्टे उरतात. अर्धा किलो कापडाला 10 ग्रॅम सोडा अ‍ॅश आणि थोडं डिटर्जंट घालून तासभर उकळा, खळखळून धुवा. सुकल्यावर वर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. टेकताक्षणी पसरला तर कापड तयार आहे.

कापड खरंच सुती आहे ना, हेही बघा. कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून टणक गोळी होते. मिश्र कापड निम्माच रंग घेतं. फिकट छटा हवी असेल तेव्हा ते मुद्दाम वापरायलाही हरकत नाही.

सोड्याचा घोळ

सर्वात जास्त कापड इथेच वाया जातं. खाण्याचा सोडा या कामाला फार सौम्य पडतो, थंड पाण्यात त्याने रंग नीट बसत नाही. हवा तो सोडा अ‍ॅश, म्हणजे कोरडं सोडियम कार्बोनेट. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे हे तेच रसायन, पण त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं. 50 ग्रॅम सोडा अ‍ॅशच्या जागी खडे सुमारे 135 ग्रॅम लागतात. चमच्याला चमचा मोजलं की रंग फिका येतो आणि दोष रंगाला दिला जातो.

लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम सोडा अ‍ॅश घ्या, कापड 15 ते 20 मिनिटं भिजवा आणि पिळून रंगवा. रंग वेगळा कालवा : मध्यम छटेला 250 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम, गडद छटेला 10 ग्रॅम आणि काळ्याला त्याच्याही दुप्पट. पूड मोजताना नाकातोंडावर मास्क हवाच आणि ती भांडी पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत.

सोडा थेट रंगाच्या बाटलीत टाकू नका. सोडा मिळाला की रंग कापडाची वाट बघत नाही, पाण्याशीच जोडला जाऊ लागतो. दुसऱ्या दिवशी बाटली तितकीच लालभडक दिसते, पण त्यातला रंग मेलेला असतो. कापडावर चढतो आणि धुताना सगळा उतरतो.

रंगवलेलं कापड लगेच वाळत घालणं ही पुढची चूक. रंग बसण्याची क्रिया ओलाव्यातच चालते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून 12 ते 24 तास ठेवा. खोली 21 अंशांपेक्षा थंड असेल तर गुंडाळी उबदार जागी हलवा. फिरोजी रंग तर ऊब मिळाल्याशिवाय पुरता बसतच नाही.

आणि सारखं ढवळू नका! एकसारखा रंग तयार कापडात मिळतोच. कोलाजला आभाळ, पाणी, दगड दाखवायला ढगाळ छटा लागतात. त्या हव्या असतील तर कापड चुरगळून बरणीत कोंबा, जेमतेम बुडेल इतकाच रंग ओता आणि हात लावू नका.

‘कोलाज कुठे धुवायचंय?’ म्हणून धुणं आटोपतं घेणं

लाल तुकडा पांढऱ्याशेजारी ठेवून वाफेची इस्त्री फिरवा. धुणं अपुरं झालं असेल तर लालच्या कडेने गुलाबी ओघळ पांढऱ्यात शिरलेला दिसेल आणि तो परत निघणार नाही. आधी गार पाण्याने, बोटांना बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत धुवा. तो बुळबुळीतपणा सोड्याचा असतो. मग 60 अंशांहून गरम पाण्यात डिटर्जंट घालून भिजवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. शेवटी तुकड्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडकं पांढरंच राहिलं, तरच कात्री हातात घ्या. छटाही सुकल्यावरच ठरवा. ओलं कापड नेहमी जास्त गडद दिसतं.

छपाई, ब्लीच, हळद

ठशांसाठी रिअ‍ॅक्टिव्ह रंग कॉर्नफ्लोअरने घट्ट करू नका. खळीचंच दुखणं इथेही : रंग पिठाशी जोडला जातो, नक्षी कडक होते आणि धुतल्यावर पुसट. सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून काढलेली, रंग घट्ट करणारी पूड) रंगाशी जोडलं जात नाही, ते वापरा. अ‍ॅक्रिलिक फॅब्रिक पेंट सोपा, पण जाड थर दिला की सुई अडते. पातळ थर द्या, पूर्ण सुकवा आणि मगच इस्त्री करा.

ब्लीचने नक्षी काढल्यावर ते ‘मारायला’ व्हिनेगर ओतणं सरळसरळ धोक्याचं आहे, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. नुसत्या पाण्यानेही ब्लीच पुरतं जात नाही, धागा नंतर कुजतो. आधी कापड पाण्याने खळबळून घ्या, मग 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दहापट पाण्यात मिसळून त्यात बुडवा. रेशीम आणि लोकरीला ब्लीच लावूच नका, ते विरघळतात.

हळदीचा पिवळा सुंदर असतो, पण उन्हात उडतो आणि सोड्याचा अंश लागला की तांबडा होतो. भिंतीवर लावायच्या कामात त्याच्यावर विसंबू नका.

चिकटवताना

इस्त्रीने चिकटणारी जाळी बसत नसेल तर सॉफ्टनर आठवा. त्याचा थर कापडावर असला की गोंद धरत नाही. शेवटच्या धुण्यात सॉफ्टनर नकोच. जाळी कापायच्या आधी लावा, म्हणजे कडांच्या दशा निघत नाहीत. आणि कागद असलेल्या जाळीवर चित्र उलटं काढा : डावीकडे उडणारा पक्षी हवा असेल तर कागदावर तो उजवीकडे उडाला पाहिजे.