इंदूरला नवीन आलात आणि लिनक्सवर मराठी नीट दिसत नाहीये? आधी हे वाचा

मी मूळचा साताऱ्याचा, इंदूरला येऊन चौदा वर्षं झाली. नवीन आलेल्यांना घर, गॅस, शाळा हे कोणी ना कोणी सांगतंच, राजेंद्रनगर-सुदामानगरला मराठी शेजार मिळतो आणि पोह्यावर शेव-जिरावन घालायची सवय आठवड्यात लागते. लॅपटॉपचं मात्र कोणी सांगत नाही आणि लोक उगाच नुकसान करून घेतात, म्हणून हे लिहितोय.

पहिलं, भाषा. इथे कोणीही लिनक्स टाकून दिलं की भाषा हिंदी ठेवतात. देवनागरीच आहे ना, काय फरक पडतो असं वाटतं, पण फरक पडतो. आपला ल आणि श वेगळ्या वळणाचे, आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, कुठलं दाखवायचं ते भाषेच्या सेटिंगवरून ठरतं. तेव्हा सिस्टिमची भाषा मराठी (भारत) करा आणि लिब्रेऑफिसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा पण मराठी ठेवा, ते वेगळं सेटिंग आहे, लोक विसरतात. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरीची सरकारी प्रमाण मांडणी) घेतलात तर ळ साठी शिफ्ट-एन, आणि दुसऱ्या, तऱ्हा यातला ऱ साठी शिफ्ट-जे, मग डी दाबून हलंत. मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा, नाहीतर इथे राहून ळ चा ल कधी होतो कळत पण नाही.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर तो फॉन्टच मशीनमध्ये नाहीये. फॉन्टची फाइल होम फोल्डरमध्ये डॉट लोकल, शेअर, फॉन्ट्स या फोल्डरात टाका (नसेल तर बनवा), टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) एफसी-कॅश ही कमांड चालवा, प्रोग्राम बंद करून परत उघडा. टर्मिनलमध्येच मात्रा सुट्या दिसत असतील तर फॉन्ट बदलत बसू नका, बऱ्याच टर्मिनलला जोडाक्षरं नीट जमत नाहीत.

आणि एक प्रकार इथे हमखास भेटेल. सोसायटीची नोटीस किंवा गणपती मंडळाच्या पावतीची जुनी फाइल उघडलीत आणि सगळी इंग्रजी अक्षरं, अर्थ काहीच लागत नाही. फाइल खराब नाहीये. ती कृतिदेवमध्ये टाइप केलेली असते, मध्य प्रदेशात हा फॉन्ट फार चालतो आणि तो युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, वापरत नाही. आत खरोखर इंग्रजी अक्षरंच असतात, भारत हा शब्द तिथे एच, के, के, जे, आर असा साठवलेला असतो, फॉन्ट त्याला फक्त देवनागरीचा आकार देतो. तो फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, आणि केल्यावर एकदा ओळ न् ओळ वाचा कारण रफार आणि पहिली वेलांटी कधीकधी भलतीकडे जाते.

आता लॉगिन, हे जास्त महत्त्वाचं. पासवर्ड बरोबर, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत लॉगिनच समोर. माझं पहिल्याच वर्षी असं झालं होतं. मी एका दुकानात नेलं, ते म्हणाले फॉरमॅट करावं लागेल, मी हो म्हणालो, आणि वडिलांनी टाइप केलेल्या चाळीस पानांच्या आठवणी गेल्या. आदल्या रात्री मी लग्नाचे व्हिडिओ कॉपी केले होते, डिस्क गच्च भरली होती, बस एवढंच. ते अजून टोचतं.

तेव्हा असं करा. कंट्रोल-ऑल्ट-एफ थ्री दाबा, काळ्या स्क्रीनवर नाव विचारेल, तिथून आत शिरा. मराठी भाषा ठेवली असेल तर इथे मेसेजच्या जागी ठिपके-चौकोन येतील, घाबरू नका, या स्क्रीनला देवनागरी येत नाही, एक्स्पोर्ट, जागा, लँग बरोबर सी (लँग आणि सी कॅपिटलमध्ये, बरोबरचं चिन्ह) असं टाइप केलं की इंग्रजी येतं. मग डीएफ, स्पेस, डॅश एच असं टाइप करा, डिस्क किती भरली ते दिसतं. होमच्या ओळीत (ती वेगळी नसेल तर नुसत्या तिरक्या रेघेच्या ओळीत) शंभर टक्के दिसलं तर मोठी नको असलेली फाइल काढा किंवा कचरापेटी रिकामी करा, आणि परत लॉगिन करून बघा. लिनक्सचा मिंट हा प्रकार किंवा एक्सएफसीई हा डेस्कटॉप असेल तर होममधली डॉट एक्सऑथॉरिटी फाइल पण बघा, कधी सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून ग्राफिकल प्रोग्राम चालवला असेल तर तिचा मालक रूट, म्हणजे अॅडमिन, होऊन बसतो, तिचं नाव बदलून टाका, लॉगिन करताना नवी बनते. अपडेटनंतर एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला असं झालं तर मशीन चालू होतानाच्या बूट मेनूतून जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडून बघा.

पासवर्ड चुकीचाच म्हणत असेल तर वेगळं. मागच्या महिन्यात शेजारच्या काकू रडकुंडीला आल्या होत्या, दहा वेळा टाकला म्हणे. बघितलं तर लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात कीबोर्ड मराठी, त्या ठिपक्यांच्या आड देवनागरी टाइप होत होतं. इंग्रजी केलं, झालं. म्हणून कीबोर्डच्या यादीत इंग्रजी कायम पहिलं ठेवा.

यातलं काहीच चाललं नाही तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स) मशीन चालू करा आणि आधी होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मग हवं तर दुकानात न्या. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केली असेल तर तिचा पासवर्ड तेव्हा लागतो, तो आजच वहीत लिहून ठेवा.